बिनमुंडक्याचा शेषनाग

नवी मुंबईतल्या पावणे गावात एका पत्र्याच्या शेडपुढे सकाळी सातलाच रांग लागली होती. आत परातीत साक्षात शेषनाग निजला होता! साल १९९६.

"नागमहाराज खोल समुद्राच्या तळातून येतात," पाताळबाबा सांगत होते. "रोज कात टाकतात, म्हणून अंग असं गुलाबी."

"पण फणा कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"मूर्खा, फण्यावर पृथ्वी आहे. ती टाकून येतील?"

लोकांनी कान पकडले. बाबांनी अंगारा टाकताच नाग वळवळला. एकच जयजयकार झाला.

गोजराबाई रोज उरणहून मासळीची पाटी घेऊन घाटावरून आलेल्या कामगारांच्या या वस्तीत यायची. बुवाबाबांशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. पण रांगेत तिचं जुनं गिऱ्हाईक, साताऱ्याची शालन, उभी होती आणि शेजारी तिचा नवरा बाबासो खोकत होता. त्याला क्षय. बाबांनी गोळ्या बंद करून नागाचं तीर्थ चालू केलं होतं. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता. गोजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक आत घुसली.

"हा नाग कुठला! ही वाम हाय, मासली! मुंडकी छाटून सोललीय. खोल पान्यातली हाय, येवढंच खरं."

"मावशे, मेलेली मासळी हलंल व्हय?" शालनने विचारलं.

"घरातनं मीठ आन."

गोजराने पाटीतल्या पहाटेच्या ताज्या वामेचं मुंडकं कोयत्याने छाटलं, ती सोलली आणि वर मीठ टाकलं. तीही तश्शीच वळवळली. बाबासोने पाताळबाबांचा चिमूटभर अंगारा जिभेवर ठेवला.

"खारट हाय की!"

ताज्या मासळीच्या स्नायूंत काही तास जोर शिल्लक असतो. मीठ लागलं की ते आखडतात. जीव काही परत येत नाही. घाटावरच्या माणसांनी वाम कधी पाहिली नव्हती, त्यावर बाबांचं दुकान चाललं होतं. ते मागच्या दाराने केव्हाच सटकले.

रांगेतला माळकरी कृष्णात मात्र घाबराघुबरा झाला. महिनाभर तो तीर्थ म्हणून मासळी धुतलेलं पाणी पीत होता. त्याने गोजराचे पायच धरले. "आई, ह्यावर अंगारा काय देताय?"

"पाय सोर!" गोजरा कडाडली. "पुन्ना अंगाराच? कोनी काय दाखवला तं कसा झाला ते इचारा ना रं! शालन, वाम हलली म्हनून जिती नाय झाली. पन गोल्या सोरल्यास तं तुजा जिता नवरा मरंल."

शालनने तीर्थाची बाटली तिथेच ओतली आणि बाबासोचा हात धरून दवाखान्याची वाट धरली.