पूजेतला पाना

आयुधपूजेच्या सकाळी अंघोळ करून आलो, तर माझी सगळी हत्यारं तलवारीशेजारी मांडलेली. पणजोबांची तलवार दरवर्षी असते. माझी आजवर फक्त पुस्तकं असायची. यंदा करवत, रंधा, पाना. माझ्या बायकोने, भागीरथीने, मोठ्या कौतुकाने एकेकाला कुंकू लावलं, शेवंती वाहिली. मी हात जोडले, आणि तेव्हाच आठवलं. सीसॉच्या मधल्या दांड्याचा नट मी काल नुसता हाताने फिरवून ठेवला होता. पान्याने आवळायचा राहिला. की आवळला होता?

सीसॉ मागच्या अंगणात तयार होता. नात पावनी चार वर्षांची, म्हणून वाचून वाचून सगळं ठरवलं होतं. फळी माझ्या गुडघ्याएवढीच उंच, कोपरे घासून गोल, बोट अडकेल अशी फट कुठे नाही, दोन्ही टोकांखाली अर्धे पुरलेले टायर. एवढं करून हा नट. जाऊन चाचपला. हलल्यासारखा वाटला; परत चाचपला, तर घट्ट वाटला.

"पाना जरा घेऊ का?" आत येऊन मी विचारलं.

"अय्यो! पूजेतलं उद्यापर्यंत उचलतात काय?" भागीरथी म्हणाली.

"नट सैल असेल तर..."

"असेल तर! कुलूप लावून तीनदा बघून येणारे तुम्ही. सुम्ने, गप्प बसा."

सून विद्याश्री हसली. "मामा, काल दिवसभर आवळतच होता की तुम्ही."

मी बसलो. फार वेळ बसवेना. अंगणात पावनी आणि शेजारची सहना फळीपाशी पोचल्या होत्या.

"ताता, बसू?" नातीने विचारलं.

"रंग ओला आहे," मी ठोकून दिलं.

पावनीने फळीवरून हात फिरवला आणि कोरडा तळवा माझ्यासमोर धरला. मग मीच फळीच्या मधोमध जाऊन बसलो.

"ताता, उतरा! तुम्ही काय बाळ आहात?"

भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं. माझे कान तापले. उठलो, दोघींचे हात धरले, त्यांना घेऊनच देवघरात गेलो आणि सगळ्यांदेखत पाना उचलला. फुलं खाली पडली. भागीरथी आरतीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली, मग माझ्यामागे अंगणात आली.

पाना लावला. नट चांगला पाऊण फेरा फिरला.

"सैल होता?" तिने हळूच विचारलं.

"होता."

"पुसू नका तो. कुंकवासकट द्या, परत ठेवते."

पाना घेऊन ती वळली. मुली दोन टोकांकडे धावल्या. दांड्याला पलीकडूनही एक नट आहे. तो मी नक्की आवळला होता. नक्की म्हणजे, तसं वाटत होतं.

"पावनी, थांब!" मी ओरडलो.

भागीरथी दारातूनच मागे फिरली. तिने पाना पुढे केला.