तरवडाचं पाणी

“भाऊजी, बादली खाली ठेवा आधी!” मेहुणी फाटकातूनच ओरडली.

पाणीवाल्यांनी बादली ठेवली, पण कडीवरचा हात काढला नाही. चौतीस वर्षं गावाच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. निवृत्त झाले तरी गल्लीत नाव तेच राहिलं होतं.

मेहुणी तरवडापाशी उकिडवी बसली. पानं पिवळी पडलेली, कळ्या गळून चिखलात. तिनं बोटभर माती उकरून नाकाशी नेली.

“मुळं कुजतायत. रोज घालता?”

“दोन बादल्या. सकाळ-संध्याकाळ.”

“अहो, माळावरचं झाड हे! पाण्यानंच मरतंय.”

बायकोला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या हातचं म्हणून अंगणात हे एवढंच उरलं होतं.

खरं तर तिला गुलाब लावायचे होते. पण पाणीवाल्यांचा खाक्या एकच, आपली गल्ली सगळ्यात शेवटी. व्हॉल्व्ह हातात म्हणून स्वतःचं घर भरलं, असं उद्या कुणी म्हणायला नको. गावाचे हौद भरायचे आणि घरात कळशीचा तळ दिसायचा. शेवटी तिनं माळावरून तरवडाच्या शेंगा आणल्या. “हाच लावते. याला तुमच्या उपकाराची गरज नाही,” म्हणाली. तेव्हा ते हसले होते. आता ते हसणं त्यांना छळत होतं.

“घरात तिला कधी पुरेसं पाणी दिलं नाही गं मी,” ते म्हणाले. “म्हणून घालतो.”

मेहुणीनं खुरपं उचललं. तिनं आळं मोडून टाकलं. “ताई चिडायची तुमच्यावर. पण दुसऱ्या कुणी नावं ठेवली, की भांडायला तीच पुढे. आता पाणी बंद. जगायचं असेल तर जगेल.”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली. सवयीनं बादली टाकीच्या नळाखाली गेली. नळाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. उभ्या जन्मात एवढा जड व्हॉल्व्ह त्यांनी फिरवला नव्हता. बादली पालथी घालून ते तिच्यावरच बसले, आणि मग रोजच बसू लागले.

अठराव्या दिवशी एका फांदीला हिरवा कोंब दिसला. पाणीवाले उठले नाहीत. पलीकडच्या गल्ल्यांमध्ये पाणी आलं, घराघरांतून भांडी वाजू लागली. या गल्लीची पाळी अजूनही शेवटची, आठची. इतकी वर्षं बायको रोज इथंच कळशी घेऊन थांबायची.

आठ वाजेपर्यंत ते बसून राहिले.