माझ्या घशातला बोळा

मी एक जुना बिडाचा पाइप आहे. सांगण्यासारखे माझ्यापाशी काही आहे की नाही, हे मला नक्की ठाऊक नाही. पण मित्रांनो, ज्या घरात माणसे एकमेकांशी धड बोलत नाहीत, तिथे पाइपालाच तोंड उघडावे लागते.

भट्टीत वितळवून, वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. या घराला तेव्हा उतरते पत्रे होते. त्यांच्यावरचे पाणी पन्हळीत येई आणि पन्हळीतून माझ्यात. मी ते निमूट खाली सोडत असे. कोणी कौतुक केले नाही, पण शिव्याही दिल्या नाहीत. पाइपाच्या जन्मात याहून जास्त मागू नये, असे मला वाटते.

मग घरातल्या थोरल्या भावाने पत्रे काढून सपाट गच्ची घातली. गवंडी म्हणाला, "पाइप ठणठणीत आहे, कशाला बदलता?" म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात माझे तोंड बसवून वर जाळी लावली. सगळ्या गच्चीचा उतार माझ्याकडे. त्या कोपऱ्याच्या बरोबर खाली आत्याची खोली. थोरल्याला लहानपणी या आत्यानेच वाढवले होते. आता तिच्यापाशी एक लोखंडी खाट, एक ट्रंक आणि गच्चीवर ओळीने मांडलेल्या कुंड्या, एवढेच होते.

नवी गच्ची गळते का, हे पाहायला तिच्यावर पाणी कोंडून ठेवतात. त्यासाठी थोरल्याने आपला जुना चौकटीचा शर्ट पिळून माझ्या घशात कोंबला. बोळा वर येऊ नये म्हणून जाळी पुन्हा घट्ट बसवली. गच्ची टिपूसभरही गळली नाही. सगळे खूश झाले. एवढे पाणी वाया कशाला घालवायचे, म्हणून आत्या ते बादलीने उपसून कुंड्यांना घालत राहिली. उरलेले उन्हाने पिऊन टाकले. सोडायला पाणीच राहिले नाही, तेव्हा बोळा काढायची आठवण कोणाला होणार?

पाऊस आला आणि गच्चीचे तळे झाले. भिंतीला जिथवर पाणी न मुरणारा लेप दिला होता, त्याच्याही वर पाणी चढले आणि भिंतीतून आत्याच्या खोलीत उतरले. गिलाव्याचा पोपडा तिच्या उशीवर पडला.

थोरल्याने गवंड्याला बोलावले. "उतार चुकलाय तुझा."

"उतार चुकला असता तर पाणी जिन्यापाशी साठलं असतं, साहेब. ते पाइपापाशी साठलंय." गवंड्याने जाळीतून तार खुपसली. ती कशात तरी मऊ रुतली आणि चिखल घेऊन वर आली. "माती आहे. कुंड्यांची."

थोरल्याच्या बायकोला तेवढे पुरले. "मी म्हणतच होते. वेड आत्याबाईंना आणि ताप आम्हाला."

"माझ्या कुंड्यांखाली ताटल्या आहेत," आत्या म्हणाली.

"मग ही माती काय आभाळातून पडली?" थोरला म्हणाला. "तू काही दिवस धाकट्याकडे जा. ओलीत राहून आजारी पडशील."

"काही दिवस म्हणजे किती, ते तरी सांग."

उत्तर बायकोने दिले. "ओल काय, सांगून वाळते का?"

वेगळ्या राहणाऱ्या त्या धाकट्या भावाने आत्याला कधी सणाला जेवायलासुद्धा बोलावले नव्हते. तिने मुकाट्याने ट्रंक भरली. मला ओरडावेसे वाटत होते; पण घशात शर्ट असताना ओरडणार कसे? खरे तर मोकळा असतो, तरी ओरडलो असतो की नाही, कोण जाणे. आयुष्यभर मी निमूटच राहिलो आहे.

मला फोडून काढायचे आणि प्लास्टिकचा पाइप बसवायचा, असे ठरले. गवंड्याने छिन्नी लावून जाळी उपटली, तार वाकवून आत घातली आणि ओढली. बोळा बाहेर आला. तळे घरघरत माझ्यात शिरले. किती दिवसांनी मी घोट गिळला! गवंड्याने तारेवर धरलेला शर्ट उलगडला. चौकटी दिसल्या.

कुंड्यांचा निरोप घ्यायला आत्या वर आली होती. तिने शर्टाची कॉलर हातात धरली. "हे बटण मी लावलंय. पांढरा दोरा संपला होता, म्हणून काळ्याने."

"तुमच्या कुंड्यांत शर्ट उगवतात वाटतं, साहेब," गवंडी म्हणाला आणि छिन्नी पिशवीत टाकली.

"माझ्या लक्षातच राहिलं नाही," थोरला पुटपुटला.

"पण थोडी माती होतीच ना," बायको म्हणाली.

आत्या खाली खोलीत गेली. तिने ट्रंक उघडून कपडे पुन्हा खुंट्यांना लावले. शर्ट धुतला आणि गच्चीच्या दारात दोरीवर टाकला, तोही असा की वर येणाऱ्याला त्याच्याखालून वाकूनच यावे लागे. शर्ट वाळला, कडक झाला, तरी दोरीवरच राहिला. शेवटी थोरला वाकून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आत्या, काढ ना तो आता."

ती कुंडीतले गवत उपटत होती. मान वर न करता म्हणाली, "ओल काय, सांगून वाळते का?"

मित्रांनो, पावसाळ्याआधी पाइपाची जाळी उघडा आणि आत हात घाला. हात मळेल, मळू द्या. मात्र तो हात घालून होईपर्यंत त्याचे बोट कोणाकडे दाखवू नका. मी साधा पाइप, माझे म्हणणे बरोबरच असेल असे नाही. पण दोरीवरचा शर्ट मला इथून रोज दिसतो.