बिनखांद्याची फौज

राखेची फौज पैनगंगेचा पूल ओलांडून तेलंगणातल्या निंबाळीकडे आली तेव्हा शिवारात कापसाची वेचणी ऐन भरात होती, आणि खरं सांगायचं तर गावाला कोणत्याही फौजेसाठी सवड नव्हती. पण फौज काही विचारून येत नसते.

आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही दिसतच नव्हतं. जमिनीच्या पोटातून एक मुकुटवाला राजा उठला होता. जिवंतपणी त्याने म्हणे राखदेव नावाच्या कुण्या देवासाठी धर्मयुद्ध मांडलं होतं आणि ते अर्धवट राहिलं होतं. आता मेल्यावर त्याच्याकडे वेळच वेळ होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. राखदेवाशिवाय दुसरा देव नाही, तेव्हा बाकीच्यांची देवळं, विहार, दर्गे, सगळं मोडून टाका. या कामाला त्याने मेलेली माणसं उठवली होती आणि काम फत्ते झालं की तुमची सुटका करीन, असं वचन दिलं होतं. मेलेला माणूस याहून जास्त मागणार तरी काय?

ही माणसं अंगभर राखेची, हातातल्या पहारी मात्र खऱ्या. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्या आरपार गेल्या. अग्निशमनच्या गाड्यांनी पाणी मारलं, तर माणसांचा चिखल झाला आणि तो चिखल उठून पुन्हा चालू लागला. हैदराबादहून मोठे साहेब आले, त्यांनी तेलुगूत लांबलचक बैठक घेतली, आणि बैठक उठेपर्यंत फौज आणखी चार गावं मोडून पुढे गेलेली.

फौज दिसताच शेतातले सगळे गावाकडे पळाले. बयनाबाई तेवढी कमरेच्या ओटीत कापूस घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि एकेक चेहरा न्याहाळू लागली. तिचा पोरगा पंकज कोरोनात गेला होता. दूरच्या शहरातल्या दवाखान्यात तो पायाने चालत गेला, आणि मग घरी नुसता फोन आला. ना तोंड पाहायला मिळालं, ना तिरडी, ना खांदा. कुणाच्या राखेत कुणाची राख मिसळली तेही कळलं नाही. म्हणून आठवडाभर सारं गाव टीव्हीसमोर भीतीने बसत होतं, आणि बयनाबाई आशेने. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं का ते?

आणि पंकज आला. उजवा खांदा जरा खाली टाकून चालायची त्याची ढब राखेतही तशीच होती.

"पंक्या! ए पंक्या, इकडं पाय ना रे!"

त्याने पाहिलं नाही. तिने धावत जाऊन त्याचा हात धरला, तर मुठीत राख आली आणि हात पुन्हा जागच्या जागी तयार झाला. तो सरळ मारुतीच्या देवळाकडे निघाला होता.

देवळापुढे वामनराव लाठी घेऊन उभे होते. ते बयनाबाईचे चुलत दीर, गावात सगळ्यांत वडील आणि सगळ्यांत हट्टी. त्यांच्या शेजारी उभा होता हर्षदीप मास्तर, बौद्ध वस्तीतली पोरं सोबत घेऊन. जयंतीच्या भोंग्यावरून या दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं. पण मास्तराने सकाळीच सांगितलं होतं, "आज मारुती पडला तं उद्या विहार पडते. इथंच अडवू." वामनरावांनी थोडं बाजूला सरकून जागा करून दिली होती. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

पंकजने पहार उचलली. बयनाबाई मध्ये शिरली.

"काकू, बाजूले व्हा!" हर्षदीप ओरडला. "तो आता तुमचा पंकज नाही राह्यला!"

"माहाच हाये! खांदा नाही भेटला म्हून भटकून राह्यला तो." बोलता बोलता तिने मागच्या रांगांकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरात वाहून गेलेला डोमाजी कोळी तिथे होता. परमुलखात कामाला जाऊन न परतलेले होते, रस्त्यावर बेवारस मेलेले होते. "अरे, हे सारेच बिनखांद्याचे हायेत! मुकुटवाल्यानं बराबर तेच येचून आनले. बाज आना कोनीतरी!"

देवळाच्या ओसरीवरची बाज तिनेच ओढून आणली, पंकजच्या पायाशी टाकली, आणि लहानपणी दटावायची तशी दटावून म्हणाली, "निज." पंकज थांबला. इतक्या दिवसांची चाल, इतके गावोगावचे दगड फोडलेले. थकल्या माणसाला बाज दिसल्यावर दुसरं काय सुचणार? पहार टाकून तो आडवा झाला, आणि मागची फौज ते पाहत जागीच थबकली.

वामनराव, हर्षदीप आणि वस्तीतला धम्मदीप यांनी बाजेचे तीन पाय खांद्यावर घेतले. चौथा बयनाबाईने आपल्या खांद्यावर घेतला. बाईने खांदा द्यायचा नसतो, हे वामनरावांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं.

निंबाळीत गावाबाहेर लिंबाखाली विसाव्याचा ओटा आहे. तिरडी तिथे क्षणभर खाली टेकवतात, पुढचे खांदेकरी मागे येतात, मागचे पुढे होतात, आणि घरचं माणूस मेलेल्याला निरोप देतं. बाया तिथूनच माघारी फिरतात. तिरडी कुण्या जातीची असो, ओटा तोच. हे बयनाबाईला पुरतं ठाऊक होतं. म्हणूनच ओटा जवळ येताच ती म्हणाली, "थांबू नोका. चाला, बिगीबिगी चाला."

कुणाला भान नव्हतं. बाज न टेकवता ते थेट नदीवर गेले. तिथे बाज खाली ठेवताच पंकज उठून बसला, उभा राहिला, आणि आल्या वाटेने देवळाकडे चालू लागला. फौजेच्या मागून मुकुटवाला राजा हसला. ते हसणं सगळ्या गावाने ऐकलं.

"वयनी," ते हळूच म्हणाले, "विसावा चुकला."

चुकला नव्हता. तिने चुकवला होता. ओट्यावर पोराला सोडावं लागलं असतं, आणि राखेचा का होईना, तो डोळ्यांपुढे तर होता! चालत होता! कोणत्या आईचं मन मानेल? बयनाबाई नदीच्या रेतीत मटकन बसली आणि गळा काढून रडली. मग नाक पुसून उठली, रिकामी बाज तिघांना उचलायला लावली, आणि पदर खोचून पोराच्या मागे धावली.

देवळाच्या पायरीवर तिने त्याला गाठलं. पुन्हा बाज टाकली, पुन्हा "निज" म्हणाली. तो पुन्हा निजला. या खेपेस तिने लिंबाखाली स्वतःच हाक दिली, "टेकवा." बाज ओट्यावर टेकली. वामनराव आणि मास्तर पुढून मागे आले. बयनाबाईने राखेच्या कपाळावरून हात फिरवला.

राखेचे ओठ हलले. "माय," पंकज म्हणाला, "येतो."

घरातून निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणावं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं.

"येतो नोको म्हनू, बापू," ती म्हणाली. "आता जातो म्हन."

"जातो, माय."

"जा बापू. सुखानं जा."

तिने आपल्याकडचा बाजेचा पाय लखन नावाच्या पुतण्याच्या खांद्यावर सोपवला आणि माघारी वळली. मागे वळून पाहायचं नसतं, तिने पाहिलं नाही. थोड्या वेळाने नदीवरून वामनरावांचा आवाज आला, "गेला वं वयनी! राख पान्यात गेली! मोकळा झाला!"

आणि मग निंबाळीत जे झालं ते कुण्या टीव्हीवाल्यालाही नीट दाखवता आलं नाही. पहारी खणखण जमिनीवर पडल्या. ती अख्खी फौज रस्त्यावर, बांधावर, कापसाच्या ओळींमधून चुपचाप आडवी झाली आणि आपल्या पाळीची वाट पाहू लागली. राजा ओरडत राहिला, राखदेवाची शपथ घालत राहिला, पण निजलेल्या माणसाला कोण उठवणार?

गावातल्या बाजा कमी पडल्या तेव्हा लोकांनी दारं काढली, शिड्या आणल्या. भीमपूरहून ट्रॅक्टर भरभरून माणसं आली, बोथहून आली, पुलापलीकडूनही आली. ज्यांना आपलं माणूस सापडलं ते ऊर बडवून रडले आणि त्याच खांद्याने शेजारच्या अनोळखी माणसालाही पोचवून आले. हिंदूच्या बाजेखाली बौद्ध, बौद्धाच्या बाजेखाली मुसलमान, कुणाला कोण ते पाहायला फुरसत होती कुठे? विसाव्यावर बाया ओळीने उभ्या होत्या. ज्याला कुणी नव्हतं त्याला त्या निरोप देत होत्या. वामनराव आणि हर्षदीप मास्तर तर कोण जास्त खांदे देतो यावरून पुन्हा भांडू लागले होते.

उन्हं कलली तेव्हा मारुती जागेवर होता, विहार जागेवर होता, आणि भल्या मोठ्या मोकळ्या रस्त्यावर राजा एकटा उभा होता.

पोरं दगड घेऊन धावली. बयनाबाईने त्यांना हटकलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुहं युद्ध आटपलं," ती म्हणाली. "तुले कोनी खांदा देल्ला होता का?"

"रणात सगळेच मेले होते," राजा म्हणाला. "द्यायला कोणी उरलंच नव्हतं."

"मंग आडवा हो."

त्याने मुकुट काढून बाजूला ठेवला आणि तो आडवा झाला. वामनराव नाक मुरडत पुढे आले, हर्षदीप आला, धम्मदीप आला, आणि चौथा खांदा बयनाबाईने दिला. मागे सारं गाव हलगी वाजवत, आरोळ्या ठोकत निघालं. लिंबाखाली बाज टेकली. खांदेकरी बदलले. निरोप द्यायला घरचं कुणी आहे का, म्हणून राजा इकडेतिकडे पाहू लागला.

बयनाबाई वाकली, त्याच्या राखेच्या कपाळावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "जा बापू."