पाइपाच्या पलीकडे

"तू? अख्ख्या ईरी शहरात दुसरा कुणी मेला नव्हता पाठवायला?"

वेंडलनं दार धड उघडलंही नव्हतं. साखळी तशीच ठेवून फटीतून तोंड तेवढं काढलं होतं. बाहेर पायरीवर कोल्बी, त्याचा ताडमाड पोरगा, हातात लांब दांड्याचा ब्रश घेऊन उभा.

"ऑफिसनं पाठवलं. कपडे वाळवायच्या ड्रायरचा पाइप तुंबलाय ना? आत यावं लागेल. मशीन पुढं ओढल्याशिवाय..."

"आत? टाकून बघ पाऊल! माझ्या गाडीची काच फोडून गेलास, विसरलो नाही मी. बाहेरून कर काय करायचंय ते."

"बाहेरून अर्धंच होतं."

"तू कधी काय पुरं केलंयस? शाळा केलीस?"

दार आपटलं. कोल्बीनं त्याला तोंडातल्या तोंडात जी शिवी घातली, ती इथं लिहिण्यासारखी नाही.

बापानं घरातून हाकलल्यापासून त्यानं आजीला बघितलं नव्हतं. आई गेल्यावर आजीनंच त्याला वाढवलेलं. फोन केला की बाप म्हणायचा, झोपलीय. आणि आज सकाळी ऑफिसातली बाई हसत म्हणाली, एका म्हातारीचा फोन होता, म्हणे तो लंबूच पाठवा, दुसरा नको. पत्ता ऐकला नि पोरगा गाडी उडवतच आला. एकदा बघायचं होतं तिला. बस, एवढंच.

तो घराच्या बाजूला गेला. ड्रायरची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडावर बापानं तारेची जाळी ठोकलेली. पाखरं आत शिरतात म्हणून लोक अशी जाळी मारतात, पण आत आधीच कोण बसलंय हे बघत नाहीत. जाळीवर कपड्यांच्या तुसाचा जाड थर. कोल्बीनं ती पक्कडीनं उपटली. मागं गवत, काड्या, चिप्सच्या पाकिटाचा तुकडा, आणि त्यात काळ्या मैनेची पिल्लं. चोची उघड्या. वाळलेली.

"हरामखोर," तो म्हणाला. सगळं पिशवीत भरून गाठ मारली आणि ब्रश असा घुसवला, जसा काही बापाच्याच पोटात. पाइप मोकळा झाला.

आणि बोलायला लागला.

"कोल्ब्या?"

त्यानं कान लावला. "आजी? कुठंयस तू?"

"मशीनच्या मागं, कुठं असणार! नळी ओढून काढलीय. गुडघ्यांची पार वाट लागली माझ्या. हळू बोल, तो टीव्ही बघतोय. मेली ना पिल्लं?"

"हो."

"भिंतीत ओरडत होती रे. सांगितलं त्याला, जाळी काढ. म्हणे तुला भास होतात. डॉक्टरलाही तेच सांगून आला. तू जेवतोस काय?"

"पिझ्झा."

"रोज?"

"रोज."

"गाढवा."

कोल्बी हसला. डोळ्यात तूस गेलं होतं, नुसतं चुरचुरत होतं.

"ऐक, हलवतायत मला. उद्याच. म्हाताऱ्यांच्या कुठल्याशा घरात."

"कुठल्या?"

"ते रे, तळ्याकाठी..."

"तळ्याकाठी ढीगभर आहेत, आजी! नाव सांग, नाव!"

"थांब, आठवू दे. काहीतरी..."

"कुणाशी बोलतेस गं मागं शिरून?" बापाचा आवाज. खडखडाट. नळी परत पाइपात कोंबल्याचा आवाज, आणि मग मशीनच सुरू झालं. गरम, ओलसर वारा फाडकन कोल्बीच्या तोंडावर आला. ओठाला पीस चिकटलं.

बाजूची खिडकी वर गेली. "येतोय ना वारा? झालं मग. निघ!"

"कुठं नेतोयस तिला?"

"फुटतोस, का पोलीस बोलावू?"

"नाव सांग फक्त!"

खिडकी खाली आली. पडदाही.

कोल्बीनं पाइपाच्या तोंडाला नवी झडप बसवली, स्क्रू आवळले. एक वाकडा गेला, तो काढून परत आवळला. वाऱ्याला तिच्या चादरींच्या साबणाचा वास येत होता. खिशात ऑफिसचा फोन वाजत होता. त्यानं बोटानं झडप उचलली, त्या गरम घोंघाटात तोंड घातलं नि म्हणाला,

"आजी, मला निघायला हवं गं आता."