कॅसेटमधून काढलेला बास

आमच्या बँडची एकच कॅसेट आहे आणि तिच्यात बास गिटार नाही. म्हणजे बास होता, वाजवणाराही होता, सहाच्या सहा गाणी त्यानं जीव तोडून वाजवली होती. मिक्सिंगच्या वेळी त्याचं बटण शून्यावर आणणारा हात माझा. बावीस वर्षं हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

१९८४ साली यवतमाळात रॉक बँड काढणं म्हणजे वाया जाण्याचा पक्का रस्ता, असं आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. बँडचं नाव 'ब्लॅक सॉइल'. मी लीड गिटार आणि गाणं, उकंडा ड्रमवर, आणि घाटंजीजवळच्या तांड्यावरचा खेमसिंग बासवर. त्याचा बास जपानी, अडुसष्ट सालचा. नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून त्यानं तो आणला होता. पांढरंशुभ्र अंग, लांब मान, चार जाड तारा. विलायती बँडांच्या फोटोत असतो तस्सा. मला त्या बासचा हेवा वाटायचा आणि खेमसिंगचा त्याहून जास्त. लोक टाळ्या मला द्यायचे, पण त्यांचे पाय हलायचे ते त्याच्यामुळे. हे मला स्टेजवरून स्पष्ट दिसायचं.

नागपूरला रेकॉर्डिंग झालं. घरी कापसाची वेचणी सुरू होती, म्हणून खेमसिंग त्याच दिवशी एसटीनं परतला. उकंडाही गेला. मिक्सिंगला मी एकटा. शेवटच्या गाण्यात, ऐन माझ्या सोलोमध्ये, बास मागे पडल्यासारखा वाटला. मला निमित्तच हवं होतं. त्या गाण्यातून काढला आणि मग बाकीच्या पाचांतूनही काढला.

कॅसेट ऐकून खेमसिंगनं विचारलं, "माहा बास कुठं हाय?"

"तुझा हात हलका पडला रे," मी म्हणालो. "टेपवर आलाच नाही."

त्यानं आपली कॅसेट खिशात घातली. पुढच्या तालमीला तो आला नाही, नंतरही कधी आला नाही. बासविना आम्ही दोन कार्यक्रम केले. तिसरा कुणी दिला नाही आणि मी पाटबंधारे खात्यात चिकटलो.

२००६ साली आमच्या जुन्या कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला. ब्लॅक सॉइलनं एक गाणं तरी वाजवावं असा जुन्या पोरांनी हट्ट धरला. उकंडा तयारच होता. माझी मुलगी केतकी जुना फोटो पाहून ओरडली, "बाबा, हा बास व्हिंटेज आहे! कुठे आहे तो?" कुठे आहे ते मला माहीत होतं. जायची हिंमत नव्हती. शेवटी पोळ्याच्या आदल्या दिवशी लोहाऱ्याच्या घरून स्कूटर काढली आणि तांड्याकडे निघालो. खेमसिंगला घेऊन यायचं, आणि जमलं तर खरं सांगायचं असं ठरवलं होतं. जमू नये, असंही मनात होतंच.

रस्त्यानं शेतं हिरवी होती, पण सणाची गडबड नव्हती. त्या सालांत कापसानं माणसांना इतकं घायकुतीला आणलं होतं की निम्म्या दावणी रिकाम्या दिसत होत्या.

खेमसिंग ओसरीवर बसला होता. मांडीवर बास, बाजूला वाटी, हातात पळसाचं पान. वाटीतलं तूप-हळद तो बासच्या अंगाला चोळत होता. ते पांढरं अंग आता पिवळंजर्द झालं होतं.

बावीस वर्षांनी भेटलेल्या मित्राला माणूस काहीतरी बरं बोलतो. मी ओरडलो, "अबे, काय करून राह्यला! अडुसष्ट सालचं पॉलिश आहे ते!"

"खांद शेकून राह्यलो," तो शांतपणे म्हणाला. "बस."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात. वर्षभर जू वागवलेला खांदा, त्याला एक दिवस माया. मग बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं आवतण द्यायचं.

"जोडी गेल्या साली इकली," खेमसिंग म्हणाला. "घरवाली म्हने, आता कोनाचा खांद शेकता? म्हटलं, हा हाय ना घरात."

मी महोत्सवाचं काढलं. त्याचा हात थांबला.

"मी नाही येत, नंदू. माह्या हातात जोर नाही. तूच तं म्हनलं होतं."

चहा घेऊन आलेली त्याची बायको लालीबाई म्हणाली, "रोज कोठीले टेकवून वाजवतेत, भाऊ. पन लोकाईपुढं म्हनलं का हात कापतेत याहिचे."

मी कप खाली ठेवला. आता नाही बोललो तर या माणसाच्या हाताचा कंप मरेपर्यंत माझ्या माथी राहणार होता. मी बोललो. बटण, सहा गाणी, हेवा, सगळं. काही झाकलं नाही.

खेमसिंग उठून आत गेला. वाटलं, आता हा मला हाकलतो. तो बॅटरीवरचा टेप घेऊन आला. आत आमची कॅसेट होती. त्यानं शेवटचं गाणं लावलं, बासची मान धान्याच्या पत्र्याच्या कोठीला टेकवली आणि वाजवू लागला. कोठी घुमली, ओसरी घुमली. ते गाणं मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होतो.

सोलो आला. बास पुन्हा मागे पडला, तिथेच. पण यावेळी मी ऐकत होतो, वाजवत नव्हतो. बास जागच्या जागी होता. पळत होती ती माझी गिटार. टाळ्यांच्या घाईत मी लय सोडली होती, उकंडा माझ्यामागे धावला होता, आणि हा एकटा आम्हा दोघांना धरून उभा होता.

त्यानं टेप बंद केला. "इथं तू पळतं. तवाही पळालता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तालमीत सांगनार होतो. मंग तू म्हनलं, हात हलका पडला."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. वाटीत थोडं तूप-हळद उरलं होतं. खेमसिंगच्या डाव्या खांद्यावर, जिथे पूर्वी बासचा पट्टा असायचा तिथे, फवारणीच्या पंपाचा काळा वळ पडला होता. मी पान उचललं आणि तो वळ चोळू लागलो.

"आज आवतन घ्या," मी म्हणालो. "उद्या जेवाले या."

"मी काय बैल हाय काय बे?" खेमसिंग म्हणाला. "जेवाले येईन. वाजवाचं मंग पाहू."

खांदा मात्र त्यानं काढून घेतला नाही.