उन्हात कडक झालेला हातमोजा

मी गोलकीपरचा हातमोजा बोलतोय. डावा. उजवा माझा जुळा भाऊ, पण वरच्या कोपऱ्यातले अवघड बॉल बहुतेक वेळा मीच काढलेत. बढाई म्हणा हवं तर, मी शब्द मागे घेणार नाही.

जालंधरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. तळव्याला मऊ रबरी फोम, इतका चिकट की ओला बॉलसुद्धा निसटायची हिंमत करायचा नाही. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या सिद्धेशने मला घेतलं, तेव्हा त्याला मोठ्या क्लबचा पहिला करार मिळाला होता. मॅचआधी तो आमच्यावर पाणी शिंपडायचा, टाळी वाजवायचा आणि बचावपटूंवर असा ओरडायचा की ते बिचारे सरळ खेळायचे. आम्ही सीझन गाजवले.

मग एका सकाळी मला चढवताना सिद्धेशच्या बोटांना माझा पट्टाच ओढता येईना. "झोप नीट झाली नसेल," म्हणून तो हसला. संध्याकाळपर्यंत पायही उचलेनात. डॉक्टरांनी जीबीएस सांगितलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. तो व्हेंटिलेटरवर गेला आणि मी पिशवीत पडून राहिलो. फार राग यायचा मला. ज्या हातांनी एवढं अडवलं, त्यांना साधा चमचा धरता येऊ नये!

तो घरी आला त्या आनंदात त्याच्या आईने, आवडाबाईंनी, आमची पिशवी उघडली. मासळी विकण्यात आणि जाळी सांभाळण्यात हयात गेलेली बाई. आमच्या वासाने तिने नाक मुरडलं, हे मला जरा लागलंच. तिने आम्हाला कढत पाण्यात घासलं आणि बोंबील सुकवायच्या वलांडीवर भर उन्हात टांगलं. आमच्या रबराला ऊन सोसत नाही. उतरवलं तेव्हा मी पापडासारखा कडक झालो होतो.

"आये, काय केलंस हे! ग्लोव्हज सावलीत सुकवतात गं!"

"मना काय ठाव, बाला? जाली वली ठेवली तर कुजतान, म्हनून उनान टाकले."

तिचे डोळे भरले. नौपाड्यात आसावरी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे त्याचे व्यायाम चालू होते. आईचा प्रताप दाखवायला तो मला तिथे घेऊन गेला. आसावरीने माझी बोटं वाकवून पाहिली आणि तिचा चेहरा खुलला.

"अरे, हे तर मस्तच आहे! स्पंजचा बॉल तू आता आरामात दाबतोस, त्याहून कडक काहीतरी हवंच होतं. उद्यापासून हा घालून मूठ वळायची. दमलास की थांबायचं हां, हिरोगिरी नको."

पहिल्यांदा माझं एकही बोट हललं नाही. मला वाटायचं, आपणच थोडं सैल पडावं. पण माझं रबर माझं ऐकत नव्हतं, आणि ते बरंच झालं. आवडाबाई समोर बसून स्वतःही मूठ वळायच्या, ओठ घट्ट मिटून. महिने गेले, पाय पळायलाही लागले. एका दुपारी सिद्धेशची बोटं माझ्यासकट तळव्याला टेकली. तो मोठ्याने रडला. मलाही रडू आलं असतं, पण आमच्या जातीला ती सोय नाही.

क्लबच्या कोचनी, कमलेश सरांनी, डोंबिवलीत सराव सामना ठेवला. तिथे हात चालले तर करार, नाहीतर खेळ संपला. सिद्धेशने नवे हातमोजे चढवले. मी गोलमागच्या पिशवीत. त्या नव्यांना बघून पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी कॉर्नर आला. गोलपुढे ही गर्दी. ठोसा मारून बॉल बाहेर घालवणं सोपं होतं. सिद्धेश "माझा!" म्हणून ओरडला, सगळ्यांच्या डोक्यांवरून उडाला आणि त्याने बॉल दोन्ही हातांनी धरला. धरला आणि छातीशी घेऊन खाली आला.

"सोमवारपासून ये रे," कमलेश सर म्हणाले, "आणि जरा हळू ओरड, कान गेले माझे."

सिद्धेश आता पुन्हा क्लबकडून खेळतो. उजवा कोळीवाड्यात आहे. त्याला धुवायचं नाही, असं आवडाबाईंनी ठरवलंय. मला सिद्धेशने स्वतः आसावरीच्या हवाली केलं. सध्या वागळे इस्टेटमधला एक वेल्डर माझ्याशी झटतोय. तुमच्यापैकी कुणाचा हात रुसला असेल, तर आसावरीला विचारून बोटं माझ्यात घाला. पहिल्या दिवशी मी अजिबात वाकणार नाही. तेव्हा मला खुशाल शिव्या घाला, पण दुसऱ्या दिवशी परत या.